मिठाचं पोतं

आधीच सांगते, मी भौतिकशास्त्र शिकले आहे. 'वजन' हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. तरी आजही कुणी मूल कडेवर दिलं, की ते पुरेसं जड लागतंय ना, हे मी आधी बघते.

हे माझ्या धाकट्या काकांच्या घरी घडलं. जानेवारीतला दुसरा रविवार. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

काका वजनकाटे दुरुस्त करतात. मागची खोली सुट्या भागांनी भरलेली, आणि बाहेरच्या खोलीत एक मोठा काटा. दर रविवारी त्यावर ढब्बूला उभं करायचं, हा घरचा नेम. ढब्बू म्हणजे त्यांची चार वर्षांची मुलगी. गोबऱ्या गालांची. त्या सकाळी ती सोळा किलो दोनशे ग्रॅम भरली होती.

बापलेकीचा एक खेळ होता. काका तिला पोत्यासारखी पाठीवर टाकायचे आणि वाकून घरभर हाळी देत फिरायचे.

"मीठ घ्या मीऽठ! मिठाचं पोतं! कुणाला हवं?"

"नको हो," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "ओलं दिसतंय."

"मी ओली नाहीये!" पोतं खिदळायचं.

"आणि बडबडतंय किती! नकोच ते."

"कुणालाच नको? मग आमचं आम्हालाच!" काका तिला उतरवून पोटाशी धरायचे. खेळ तिथे संपायचा. पोतं कधी कुणाला द्यायचं नसे.

त्या दुपारी हाळी दिली, तर स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही.

मागच्या खोलीतून आलं...

"मला."

काकूंचाच आवाज. जरा घोगरा. काकांना गंमत वाटली. आज बाईसाहेबांनी खेळ बदलला तर!

"घ्या! दिलं!" म्हणत ते त्या दाराशी पाठमोरे झाले.

पाठीवरचा भार कुणीतरी अलगद उचलून घेतला...

त्याच क्षणी पुढचं दार उघडलं. गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन काकू आत आल्या.

"अहो, कुणाशी बोलताय?"

काका गर्रकन वळले. ढब्बू मागच्या खोलीच्या दारात एकटीच उभी होती. हसत.

"बाबा, तिनं मला थोडंसंच घेतलं. बाकीचं नंतर नेते म्हणाली."

पोराटोरांचं बोलणं. कोण मनावर घेतं?

पुढच्या रविवारी काटा चौदा किलोवर थांबला.

काकांनी काटा उघडला, पुसला, प्रमाणित वजनं ठेवून तपासला. गुंजभरही फरक नव्हता.

त्याच्या पुढच्या रविवारी, अकरा.

"खेळते, जेवते, उंचीही वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "गाल तर बघा! आमचा काटाच बिघडला असणार."

"तुमचा काटा मीच दुरुस्त करतो, डॉक्टर," काका म्हणाले.

दिसायला ढब्बू तश्शीच होती. फक्त तिच्या पावलांचा आवाज येईनासा झाला.

आणि मागच्या खोलीत, कुणी नसताना, पावलं वाजू लागली... सावकाश. ओझं घेऊन चालल्यासारखी. दर आठवड्याला आणखी जड.

तिला काकूंच्या माहेरी नेऊन ठेवलं. तिथेही वजन उतरतच राहिलं. परत आणली.

"वस्तुमान नाहीसं होत नाही, काका," मी फोनवर म्हणाले होते. "कुठेतरी जातं."

हे बोलायला नको होतं.

फोन ठेवून काका मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. गालांवरून पाणी वाहत होतं.

"चुकलो मी. तिला सोडा. मला घ्या."

पावलं थांबली.

"नको हो..." आतून काकूंच्या आवाजात आलं. "ओलं दिसतंय."

मार्चच्या पहिल्या रविवारी ढब्बू काट्यावर चढली.

ऐंशी ग्रॅम.

"झालं, बाबा. सगळं नेलं तिनं."

काकूंना हाक मारायला काकांनी मान वळवली. पुन्हा पाहिलं, तर काट्यावर नुसता फ्रॉक होता. आकडा तोच. ऐंशी ग्रॅम.

पोलिसांत तक्रार आहे. शोध चालू आहे.

मी गेले तेव्हा तो काटा मागच्या खोलीत मधोमध ठेवला आणि दारातून बघत राहिले. पावलं आली. काट्यावर थांबली... सोळा किलो दोनशे.

नेणारीला स्वतःचं वजनच नव्हतं.

गेल्या महिन्यात पुन्हा पाहिलं. सोळा किलो नऊशे. ढब्बू वाढतेय.

"हे घर सोडा आता," मी म्हणाले.

"आणि तिला कुणाच्या भरवशावर ठेवू?" काकू म्हणाल्या.

त्या दिवसभर त्या दाराशी बसून असतात. कारण रोज साडेतीनला आतून हाळी येते... काकांच्या आवाजात. काका माझ्या शेजारी तोंड मिटून बसले होते, तेव्हाही आली.

"मिठाचं पोतं! कुणाला हवं?"

"मला!" काकू घसा फाटेस्तोवर ओरडल्या. "मला हवंय! मला द्या!"

आतून ओळखीचं खिदळणं... मग पुन्हा काकांचा आवाज.

"कुणालाच नको? मग आमचं आम्हालाच."