उतरंडीतली साय

'स्वयंपूर्णा' वसाहतीतल्या चाळीस घरांना जगात कुणाचीही गरज नव्हती. वाणसामान तेवढं दर मंगळवारी शहरातून ड्रोनने येई आणि औषधं शुक्रवारी. पण त्याला गरज म्हणायचं नाही, असा तिथला दंडक होता. या उंटावरच्या शहाण्यांचे पुढारी आरुषराव केळशीकर. जन्मभर गार खोलीत बसून यांनी दुसऱ्यांचे पगार ठरवले, आणि पासष्टाव्या वर्षी, म्हणजे २०८० साली, एकाएकी यांना मातीची ओढ लागली.

तर या आरुषरावांनी स्वतःच्या हाताने पाण्याची उतरंड रचली. एकावर एक तीन पिंपं. वरच्यात ओढ्याचं पाणी. मधल्यात तळाला खडी, मग कोळसा, त्यावर बारीक वाळू. खालच्यात गाळलेलं पाणी. वीज नको, पंप नको, पाणी आपल्याच वजनाने खाली उतरतं. ही युक्ती जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचली अशा थाटात ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ती समजावत. घरोघरी तशाच उतरंडी झाल्या. पाणी अगदी नितळ निघे. सहा महिन्यांत वसाहतीतल्या सगळ्यांचे हात थरथरू लागले आणि आरुषरावांना चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागू लागला.

मग शहरातून डॉ. तनुजा गवाणकर आल्या. सूक्ष्मजीव हा त्यांचा विषय. पन्नास वर्षांपूर्वी डोंगरावरच्या कचऱ्यावर प्लास्टिक विरघळवणारं रसायन फवारलं होतं. प्लास्टिक गेलं, पण त्यातून सुटलेलं 'कंपविष' ओढ्यात उतरलं. ते उकळून जात नाही, वाळूत अडकत नाही. शहरात ते अजस्र यंत्रं काढतात. इथे एकच इलाज होता. दुधावर साय धरते तसा ओल्या वाळूवर जिवाणूंचा चिकट थर धरतो, आणि त्यातली एक जात हे विष खाते.

"तो बुळबुळीत थर?" आरुषराव म्हणाले. "तो तर मी दर शनिवारी ब्रशने खरवडून काढतो."

"म्हणजे गाळणी फेकून देता आणि पिंप जपता," बाई म्हणाल्या.

नुसती साय धरूनही भागणार नव्हतं. त्यात योग्य जातीचं विरजण लावायला हवं होतं. ते मिळणार फक्त टेकडीखालच्या वाडीत. तिथली माणसं पन्नास वर्षं ओढ्याचं पाणी तसंच पीत आली होती, आणि जी जगली त्यांच्या पोटात ही जात तयार झाली होती. पोटातून हाताला, हातातून रांजणाला. पिंपात मात्र ती दोन महिन्यांत मरगळते, मग विरजण पुन्हा आणायचं. आणि ती दहातले नऊच भाग विष खाते. उरलेला भाग मोठ्यांना बाधत नाही; तान्ह्याला बाधतो.

वाडीतल्या लोकांनी आमच्या पिंपांना हात लावू नये, अशी पाटी याच आरुषरावांनी कुंपणावर ठोकली होती. आता तेच हातरुमालात धरलेला डबा घेऊन काजल वाघे या म्हाताऱ्या बाईच्या दारात उभे राहिले. काजलबाईने रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि बुडाचा चिखलट थर डब्यात काढून दिला. पैसे घेतले नाहीत. विरजणाचे कुणी पैसे घेतं का, म्हणाली.

"पहिली दोन माझी वर्साच्या आत गेली, सायेब. ह्येच पानी. तिसरी जगली, ती आता पोटुशी हाय. पर औंदा शहराचा नळ येतोय म्हनं. तिच्या बाळाला ह्यातलं पाजायचं न्हाई मी."

महिन्याभरात वसाहतीचे हात थांबले. आयत्या बिळावरचे हे नागोबा आता सायीवर व्याख्यानं देऊ लागले. पण नळाची गोष्ट आरुषरावांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, नळ आला तर काय होईल?

"वाडीच्या पोटातली ही जात सहा महिन्यांत संपेल. विष हेच तिचं अन्न."

"आणि आम्ही?"

"तुम्हीही नळ घ्या, नाहीतर शहरात परत जा. तुमचे फ्लॅट आहेतच की तिथे."

'स्वयंपूर्णा'त शहराचा नळ? की परत जायचं? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा अर्ज लिहिणं सोपं होतं. नळामुळे स्थानिकांची प्राचीन जलसंस्कृती नष्ट होईल, असा गुळगुळीत मजकूर आरुषरावांनी लिहिला. त्याखाली चाळीस घरांच्या सह्या झाल्या, सगळ्या सुबक. डॉक्टरबाईंनी सही केली नाही. पण त्यांचं संशोधनही त्याच जातीवर चाललं होतं, म्हणून त्यांनी तोंडही उघडलं नाही. नळ दुसऱ्या खोऱ्यात वळला.

दर दोन महिन्यांनी काजलबाई आपणहून डबा आणून देई. त्या खेपेला तिला चार दिवस उशीर झाला. तोवर आरुषराव दोनदा फाटकापर्यंत जाऊन चिडचिड करून आले होते.

"लेकीचं बाळ गेलं," ती म्हणाली. "म्हनून येनं झालं न्हाई. त्यो नळ कुठं अडला, कुनी सांगत न्हाई. सायेब, तुमी शिकलेली मानसं. आमच्यासाठी येक अर्ज लिवून द्या की."

"लिहितो," आरुषराव म्हणाले आणि त्यांनी डब्यासाठी हात पुढे केला. हात जरासुद्धा थरथरला नाही.