ओला कापूस

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही जरूर वाचावी.

ही भर दुपारी घडली. कोल्हारला, प्रवरेच्या कडेच्या ख्रिस्ती वस्तीत.

आणि ही ऐकीव नाही. जिच्यासोबत घडली ती एस्तेरबाई आजही त्याच घरात राहते. सकाळी अंगणवाडीत पोरांना बडबडगीतं शिकवते, दुपारी घरी येऊन आडवी होते. नाव बदलू का विचारलं, तर म्हणाली, "कशाला? लई कंटाळा आलाय लपवायचा. लिव्हा हाय तसं."

म्हणून हे हाय तसं.

एस्तेरचे वडील शांतवन गुरुजी. घरात त्यांना अण्णा म्हणत. अख्खी हयात शाळेत गेलेली, त्यामुळे रिटायर झाले तरी गुरुजीपण काही रिटायर झालं नाही. शेवटची कित्येक वर्षं ते खाटेवरच होते. आई आधीच गेलेली. धाकटा रॉबिन पुण्याकडे कंपनीत, बायकापोरांत. राहिली एस्तेर. तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच.

अण्णांचं खाणंपिणं, अंघोळ, हगणंमुतणं सगळं तिनेच केलं. हसत केलं असं ती म्हणत नाही. दमून केलं, कंबर धरून केलं, कधी भांडी आपटून केलं. पण केलं.

अण्णांचा हट्ट एकच. मेल्यावर पुरायचं नाही. डोळे दान करायचे आणि देह मेडिकल कॉलेजला द्यायचा. "मेल्यावरही मी वर्गातच जाणार," असं ते म्हणत.

चर्चचे पाळक समजावून गेले. पुनरुत्थानाच्या दिवशी देह कबरीतून उठायचा असतो, वगैरे. अण्णा म्हणाले, "ज्यानं मातीतून माणूस घडवला, त्याला दोन डोळे परत द्यायला जड जाईल का, पाळकसाहेब?"

पाळक चहा पिऊन गेले.

मग एस्तेरची उजळणी सुरू झाली. पाढे म्हणून घ्यावेत तसं अण्णा रोज म्हणून घ्यायचे.

"मी गेलो की पहिलं काय?"

"पंखा बंद. वाऱ्यानं डोळं सुकत्यात."

"मग?"

"पापण्या मिटून वर ओला कापूस."

"मग?"

"डोक्याखाली उशी."

"मग?"

"फोन."

"आणि रडायचं कधी?"

"फोन झाल्यावर, अण्णा."

"शाबास."

गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये, एका दुपारी, पेज भरवता भरवता अण्णांनी मान टाकली.

एस्तेर रडली नाही.

उठली. पंख्याचं बटण बंद केलं.

खट्...

जुनं काळं बटण होतं, जोरात वाजायचं. हा आवाज ध्यानात ठेवा.

तिने पापण्या मिटल्या. कापूस भिजवून ठेवला. डोक्याखाली उशी सरकवली. तिनेच कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल विणलेली उशी. मग कॉलेजला फोन लावला.

तिकडच्या मॅडम चांगल्या बोलल्या. "गुरुजींची सही आहे आमच्याकडे, बाई. पण नुसत्या सहीवर नाही चालत. जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. भाऊ तयार आहेत ना? घरातल्या एकाची जरी हरकत असली, तरी आम्ही देह नेत नाही."

एस्तेर म्हणाली, विचारते.

पण तोवर शेजारची बनुबाई ताक घेऊन दारात आलेली. तिने डोळ्यावरचा कापूस बघितला आणि बोंब ठोकली. बोंब ऐकून चर्चची राखण करणाऱ्या छगनने घंटेची दोरी धरली. त्या वस्तीत कुणी गेलं की आधी घंटा वाजते, आणि घंटा वाजली की माणसं कुणाला न विचारता कुदळ-फावडी घेऊन दफनभूमीकडे निघतात. कुणाला सांगावं लागत नाही. मोठी माया आहे त्या रिवाजात.

या एका वेळी तीच माया नडली.

संध्याकाळच्या आत रॉबिन पुण्याहून पोचला, तेव्हा अण्णांची कबर खांदून तयार होती.

एस्तेर त्याला म्हणाली, "अण्णांचं तुला म्हाईत हाय. तू फक्त व्हय म्हण, गाडी येती."

रॉबिन तयार झालाही असता. पण वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. खांदलेली कबर रिकामी बुजवत नसतात. बुजवली, तर ती त्याच घरातलं दुसरं माणूस मागते.

"ताई, मला दोन लेकरं हायेत," रॉबिन म्हणाला. "मी न्हाई म्हणतो. मला माफ कर."

"मंग निदान डोळं तरी..."

"बापाला आंधळं करून पुरू?"

डोळ्यांसाठी ती भांडली असती तर कदाचित जमलंही असतं. पण भांडायला अंगात त्राण लागतं. तिचं सगळं त्राण अण्णांच्याच खाटेपाशी संपलं होतं.

"करा काय करायचं ते," ती म्हणाली.

आणि अण्णांच्या डोळ्यांवरचा कापूस तिने स्वतःच्या हाताने उचलला. अजून ओला होता.

"किती उकडतंय इथं," कुणीतरी म्हणालं, आणि पंखा लावला.

खट्...

अण्णांना पेटीत ठेवताना ती निळ्या फुलाची उशी तिने डोक्याखाली घातली. झाकणाला खिळे ठोकले ते तिच्यासमोर. पेटीवर पहिली मूठ माती टाकली तीही तिनेच.

त्यानंतर काही दिवस घरात काहीच झालं नाही. एस्तेर नुसती झोपली. इतक्या वर्षांची झोप साठली होती.

मग एक दुपार आली.

अंगणवाडीतून येऊन ती खाटेवर पडली होती. अण्णांचीच खाट. अचानक जाग आली. कशाने, ते आधी कळेना.

आवाजाने नव्हे... आवाज नव्हता म्हणून.

पंखा बंद पडला होता.

लाईट गेली असेल, म्हणून ती कूस बदलणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरला.

लाईट होती.

तिने बटणाकडे पाहिलं. कुणीतरी ते बंद केलं होतं.

घरात कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वाल्मिक वायरमन आला, बटण बघितलं, "जुनं झालंय, बाई," म्हणाला आणि नवीन पांढरं बटण बसवून गेला. ते दाबलं तर आवाजच येत नव्हता.

दुसऱ्या दुपारी ती मुद्दाम डोळे उघडे ठेवून पडली. पंखा फिरत होता. बटणाजवळ कुणी नव्हतं.

आणि...

खट्.

जुन्या काळ्या बटणाचा आवाज. जे बटण वाल्मिक पिशवीत घालून घेऊन गेला होता.

पंखा हळूहळू थांबला.

कुणी दुसरी असती तर घर सोडून पळाली असती. एस्तेर उठली, पंखा लावला आणि परत आडवी झाली. "भ्यायलाबी जीव लागतो," ती म्हणते. "माझ्यात न्हवता."

पुढे पावसाळ्यात एकदा तिला जाग आली आणि सगळीकडे अंधार.

दुपारची झोप इतकी लांबली की काय? तिने डोळे उघडायला पाहिलं. उघडेनात. पापण्या जड, गार... आणि दोन्ही कानशिलांवरून पाणी ओघळत होतं.

हात लावला.

ओला कापूस होता. दोन्ही डोळ्यांवर, नीट घडी घातलेला.

अण्णा गेल्यावर उरलेला कापूस तिने अंगणवाडीत देऊन टाकला होता. घरात बोटभरही नव्हता.

त्या दिवशी मात्र ती रडली. भीतीने नाही. "मेल्यावर तरी मला सुटी द्या की, अण्णा!" असं ओरडून रडली.

बनुबाई धावत आली. सगळं ऐकून म्हणाली, "पोरी, जीव गुतलाय त्येंचा. द्यायचं ऱ्हायलंय न्हवं? त्येंचं आता कुठनं देती? तुझं लिहून दे, म्हंजी सुटत्याल."

एस्तेरला पटलं. तिने मॅडमना फोन केला. आपले डोळे, आपला देह, काय असेल ते घ्या म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "सही करा. पण तेव्हाही नातेवाइकांची संमती लागेलच. तुमच्या मागे कोण?"

"भाऊ."

"मग त्यांना आत्ताच विश्वासात घ्या."

एस्तेरला हसू आलं. फिरून फिरून भोपळे चौकात. सही तिची, आणि हो म्हणायचं रॉबिनने. तिने सही केली, पण रॉबिनला काही सांगितलं नाही. त्याच्याशी बोलायचाही शीण येत होता.

पंखा रोज थांबत राहिला. कापूस कधी असे, कधी नसे.

मग एका दुपारी रॉबिनचाच फोन आला. तो रात्रपाळी करून दिवसा झोपायचा.

"ताई... एक विचारू? अण्णांच्या डोळ्यावर तू काय ठेवलं हुतं?"

एस्तेर खाटेवर उठून बसली.

"ताई, मी झोपलो हुतो. बायको-पोरं बाहेर गेलेली. जाग आली तर पंखा बंद... आन् डोळ्यावर..."



तिने त्याला यातलं एक अक्षर कधी सांगितलेलं नव्हतं. आता मात्र सगळं सांगितलं, आपल्या सहीसकट.

रविवारी रॉबिन कोल्हारला आला. अण्णांच्या खाटेसमोर उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखे हात बांधून मोठ्याने म्हणाला, "अण्णा, ताईच्या वेळी मी आडवा येणार न्हाई. माझी संमती हाय."

त्या दिवसापासून सगळं थांबलं.

पंखा फिरत राहिला. कापूस नाही, काही नाही. एस्तेरच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. अंगणवाडीतल्या मदतनीस जयाने तर विचारलंच, बाई, टॉनिक चालू केलंय का?

फक्त कधीतरी, भाकरी थापताना, एक विचार यायचा आणि हात थांबायचा.

अण्णांना एवढी घाई कशाची होती?

मागच्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं. किंवा उत्तरासारखं काहीतरी.

दुपारच. एस्तेर खाटेवर सपाट झोपली होती. मानेच्या दुखण्यामुळे ती उशी घेत नाही.

फोन वाजला म्हणून जाग आली.

पंखा बंद होता.

डोळ्यांवर ओल होती.

आणि मान... मान वर उचललेली होती.

फोन वाजत होता. तिने आधी डोक्याखाली हात घातला. बोटांना दोऱ्याची वीण लागली. कोपऱ्यात. फुलाची.

ती उशी तिने खिळे ठोकलेल्या पेटीत जाताना पाहिली होती.

तिने फोन उचलला. कॉलेजच्या मॅडम होत्या. हळू, जपून बोलत होत्या.

"एस्तेरबाईंच्या घरूनच ना? आत्ता याच नंबरवरून फोन आला होता. एक वयस्कर गृहस्थ होते. ख्रिस्ती लोक म्हणतात तसं आधी सलाम म्हणाले. म्हणाले, सगळी तयारी झाली आहे, मुलाचीही संमती आहे, गाडी पाठवा."

एस्तेरची बोटं अजून उशीच्या फुलावर होती.

"आम्हाला फार वाईट वाटलं," मॅडम म्हणाल्या. "एस्तेरबाई कधी गेल्या?"

एस्तेर म्हणाली, "मी एस्तेरच बोलतीय."

तिकडून फोन ठेवला गेला.

उशी अजून त्या खाटेवरच आहे. जाळायचा धीर होत नाही, आणि परत पुरायला कुणाला सांगणार? एस्तेर आता दुपारी दाराला आतून कडी लावत नाही, नुसतं लोटून घेते. बनुबाईला तिने बजावून ठेवलंय, "मला हाक मारून उठली न्हाई, तर आधी बोंब ठोकायची न्हाई. आधी फोन. घंटा मागनं."

बनुबाईने पदर डोळ्याला लावला, पण व्हय म्हणाली.

भीती वाटत नाही का, असं एस्तेरला विचारलं. तिने पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता.

"पंखा झाला," ती बोटं मोजत म्हणाली. "कापूस झाला. उशी झाली. फोनबी झाला."

मग दमल्यासारखी हसली.

"आता फक्त शाबास म्हनायचं ऱ्हायलंय."