ओल्या काजूची आमटी

सरोजिनीचा फोटो पिशवीत घालून मी मुरगूडहून सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला निघालो. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. सरोजिनी माझी भाची. तिचे आईबाप लवकर गेले, तेव्हापासून माझ्याच घरी वाढलेली. तिशीला टेकली होती, म्हणून बिजवराचं स्थळ आलं तरी मी नको म्हटलं नाही.

हंबीरराव कचेरीत नोकरीला, मध्यस्थाकडं एकदा भेटलेले. घरी म्हातारी आई, बाकी कोणी नाही. पहिली बायको पद्मजा स्टोव्हचा भडका उडून गेली, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. या पद्मजाचं नाव आमच्या घरी आधीपासून ठाऊक होतं. वर्तमानपत्रात रविवारी बायकांचं पान यायचं, त्यात ती लिहायची. वर ठळक अक्षरात ‘अचानक पाहुणे आल्यास’ आणि खाली तिचं नाव. माझं वाचन अक्षर लावून लावून चालतं, त्यामुळं सरोजिनीच मला वाचून दाखवायची आणि लगेच करूनही बघायची. ओल्या काजूची आमटी तर तिनं इतक्या रविवारी केली, की शेजारी वासावरून वार ओळखायचे.

“आमटीसाठी लगीन करतीस व्हय गं?” निघताना मी विचारलं.

“नवरा काय मामा, सगळीकडं सारखाच. सैपाकघर तरी बरं मिळंल.”

घर मंगळवार पेठेत, एका बोळाच्या टोकाला. बाहेर ऊन रणरणत होतं, पण आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढं काही दिसेना. सगळ्या खिडक्या लावलेल्या. हंबीररावांच्या आई, चिमणाबाई, भिंतीला धरून उठल्या. अंगावर मांस म्हणून नव्हतं. लुगडं खुंटीला टांगल्यागत दिसत होतं. आत स्वयंपाकघरात मात्र स्टोव्ह भरभरत होता, बांगड्या वाजत होत्या, फोडणीचा वास बाहेरच्या सोप्यापर्यंत आला होता. कामाला बाई ठेवली असेल, असं मला वाटलं.

त्यांनी फोटो घेतला. बघितलासुद्धा नाही, नुसता छातीशी धरला.

“पावणं, आधी जेवा. हंबीर येतोयच कचेरीतनं.”

त्या फोटो घेऊन आत गेल्या आणि माझं ताट घेऊन आल्या. पहिल्याच घासाला मी थांबलो. तीच ओल्या काजूची आमटी. सरोजिनीची चांगली व्हायची, पण ही जिभेवर ठेवली आणि मला माझी मेलेली बहीण आठवली.

चिमणाबाई स्वतःचं ताट घेऊन समोर बसल्या. घास तोंडापर्यंत न्यायच्या आणि परत ठेवायच्या. मग उठून मोरीत जायच्या, बेसन आणि लिंबू हातांना चोळायच्या, धुवायच्या, हुंगायच्या. तळहातांची सालं निघून आतलं लाल दिसत होतं.

“पावणं... आमटीला राकेलचा वास येतोय?”

“न्हाई की. झ्याक झालीया.”

“समद्यास्नी झ्याकच लागती.”

“डॉक्टरला दावलं न्हाई?”

“दावलं. नाक चांगलं हाय म्हणाला.” त्यांनी ताट जरा पुढं सारलं. “ही आमटी माझी हाय. माझ्या आईनं शाहूवाडीत मला शिकवली, मी हिला शिकवली. आन् हिनं सोताच्या नावानं पेपरात छापली. पेठंतल्या बाया माझ्याच दारात यून मलाच इचारायच्या... चिमणाबाई, सुनंनं तुमास्नी शिकवली का न्हाई?”

आतला स्टोव्ह बंद झाला. बांगड्याही थांबल्या. दाराआड कोणी ऐकत उभं राहावं तशी शांतता झाली.

“आत कोण हाय?” मी हळूच विचारलं.

“कोण असणार... आमी दोघंच.”

“मग रांधलं कुणी?”

“रोज रांधती. गेल्यापासनं एक दिस खाडा न्हाई.” त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. “तुमची पोरगी आणा वो पावणं. नवी सून तिथं बसली, की ही जाईल. मग चार घास तरी उतरतील माझ्या गळ्याखाली...”

“बाई, तुमच्या हाताला राकेल लागलं कवा?”

त्यांनी हात पदराखाली ओढले. म्हणाल्या, “त्या दिशी इस्टू पेटलेलाच नव्हता.”

मी हात न धुताच उठलो. “फोटू द्या माझा.”

“आत... देवापुढं हाय.”

पोरीचा फोटो त्या घरात ठेवून मी जाणार नव्हतो. उंबऱ्याशी जाऊन आत बघितलं. स्टोव्ह गंजलेला, त्याच्यावर कोळिष्टकं. आणि त्याच स्टोव्हवर आमटीचं पातेलं वाफा टाकत होतं. देवापुढं फोटो नव्हता.

“पोरी,” मी म्हणालो, “मी तुझ्या आड येत न्हाई. माझी भाची तेवढी माझी मला दे.”

खाली बघितलं, तर फोटो माझ्या पायाशी उंबऱ्यावर होता. मी तो उचलला.

तेवढ्यात माझ्या मागून, अगदी मायेनं, पाहुण्याला आग्रह करावा तसा तरण्या बाईचा आवाज आला. “आत्याबाई, पानात टाकायचं न्हाई. बसा...”

माझ्यामागं उठून आलेल्या चिमणाबाई परत ताटावर बसल्या. रडत रडत एकेक घास गिळू लागल्या. ताटातली आमटी काही कमी होत नव्हती.

चपला हातात घेऊनच मी बोळात आलो. समोरून हंबीरराव सायकल ढकलत येत होते. हँडलला लिंबांची पिशवी लटकत होती. मला ओळखून ते हसले, नमस्काराला हात वर केला. मग तोच हात नाकाशी नेऊन हुंगला, रोजची सवय असावी तसा, आणि मान खाली घालून घरात शिरले.