फळ्यावरचा शुक्रवार

सेरजान आमच्या वेधशाळेच्या घुमटात पहिल्यांदा शिरला तोच बाऊरसाक चघळत, आणि त्या तळलेल्या गोळ्यावरची पिठीसाखर भुरभुरत थेट माझ्या दुर्बिणीपाशी! सूर्याचं बिंब झाकून त्याची प्रभा टिपणारी ती दुर्बीण. भिंगावर कणभर धूळ बसली तरी दिवस वाया.

"अहो, बाहेर! आधी हात धुवा!"

"पाहुण्यांना इथे असाच चहा देतात वाटतं?" तो हसला. गालाला खळी पडली... मी चिडले होते, तरी ती दिसलीच.

तो सेमेयहून चुंबकमापक बसवायला आला होता. पुढचं सूर्यवादळ येऊन यंत्राची सुई एकदा नाचली, की काम संपवून परत जाणार होता. महिनाभर सूर्य गप्प राहिला. तेवढ्यात 'अहो'चं 'अरे' झालं आणि मी पुरती कामातून गेले.

सोमवारी सकाळी सूर्याने तप्त वायूचा एक ढग पृथ्वीकडे फेकला—रमतगमत निघालेला. दुपारी त्याच वाटेने दुसरा, दुप्पट वेगाचा. मी फळ्यावर वादळाचा वार लिहिला: शुक्रवार.

"जानेरके, शुक्रवार कसा? पुढच्याने वाट झाडून ठेवलीय. मागचा त्याला गाठणार, दोघं मिळून बुधवारी धडकणार."

"तुला जायची भलतीच घाई!"

"घाई ढगाला आहे गं..."

"मग बस त्याच्यावर आणि जा!"

अल्माटीच्या सरकारी कचेरीला मात्र मी गुपचूप बुधवारचाच इशारा कळवला. प्रेम प्रेमाच्या जागी, नोकरी नोकरीच्या.

बुधवारी चहाच्या वेळी सुई उडाली. सेरजान धावत आला, "सुयिन्शी!" आमच्याकडे शुभवार्ता आणणारा असं ओरडला, की तो मागेल ते द्यावं लागतं.

"कसली शुभवार्ता? उद्या जाशील तू..."

"वादळाची नाही. तुझ्या इशाऱ्याची प्रत सोमवारीच वाचली मी. सरकारला बुधवार, मला शुक्रवार?"

"दोन दिवस जास्त राहिला असतास... आवडतोस मला, झालं समाधान?"

"झालं. आता बक्षीस. रविवारी सेमेयला चल, आई झुमके घेऊन बसलीय."

झुमके! मुलाच्या आईने ते मुलीच्या कानात घातले, की लग्न ठरलंच.

"तिला कधी सांगितलंस?"

"सोमवारी. म्हटलं, मुलगी रविवारी पोचेल."

"मला न विचारता? आणि गणित चुकलं तर?"

"माझं चुकलंय कधी?"

मेल्याचं याही वेळी चुकलं नाही.