दुपारचं काम

माझं काम म्हणजे लक्ष ठेवणं. पार्सलं पोचवणाऱ्या आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कितीतरी कामं ठरल्या वेळी आपोआप चालतात. गिऱ्हाइकांना मेसेज पाठवणं, पत्ते तपासणं, जुन्या फायली झाडून काढणं. आम्ही त्यांना जॉब म्हणतो. जॉब सुरू झाला की स्क्रीनवर त्याच्यापुढचा ठिपका पिवळा होतो, नीट संपला की हिरवा, आपटला की लाल. दिवसभर डोळ्यांत तेल घालून हे ठिपके बघायचे, याचा मला पगार मिळतो. आई सगळ्यांना सांगायची, "कॉम्प्युटरला झोप लागू नये म्हणून हिला बसवलंय तिथे."

ही नोकरी मला दादानं लावून दिली. तो त्याच मजल्यावर खिडकीकडच्या टेबलावर बसायचा आणि हे जॉब लिहायचा. मागच्या हिवाळ्यात ऑफिसातून घरी येताना त्याच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं. त्याचं टेबल काही दिवस तसंच राहिलं. मग कोणीतरी त्यावर प्रिंटर आणून ठेवला.

माणूस गेला की त्याचे जॉब दुसऱ्याच्या नावावर करायचे असतात. साहेबांनी दादाचे जॉब माझ्याकडेच दिले. सगळे ओळखीचे निघाले, एक सोडून. त्याचं नाव होतं ‘दुपार’. जेवणाच्या सुट्टीत सुरू व्हायचा आणि बिनबोभाट हिरवा व्हायचा. आत काय आहे म्हणून उघडून बघितलं, तर कोरा. एक अक्षर नाही. असा जॉब पापणी लवायच्या आत संपायला हवा. हा कधी थोडा वेळ चालायचा, कधी अर्धा तास. सोमवारी तर फारच रेंगाळायचा. तो पहिल्यांदा चालल्याची तारीख दादा गेल्यानंतरची दिसत होती. मध्यंतरी नवी मशीनं आली होती, तेव्हा तारखांचा घोळ झाला असणार, असं मी धरून चालले.

साहेबांना दाखवलं. "बंद करून ठेव," ते म्हणाले, "ज्याला लागत असेल तो ओरडेल."

ही आमच्याकडची नेहमीची पद्धत. जॉब कोणाचा ते कळत नसेल, तर बंद करायचा आणि कोण ओरडतं याची वाट बघायची. कोणीच ओरडलं नाही, तर पुसून टाकायचा. मी बंद केला. आठवडाभर ऑफिसात कोणी हूं की चूं केलं नाही.

घरी मात्र आई जेवेनाशी झाली. सकाळी मी तिचं ताट झाकून जायचे, संध्याकाळी ते तसंच. "भूक नाही गं," एवढंच म्हणायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ती हॉलमधल्या स्टुलाजवळ खुर्ची ओढून बसून राहायची. स्टुलावर घरचा जुना फोन होता. मोबाइल आल्यावर आम्ही लाइन काढून टाकली होती. वायरसुद्धा टेलिफोनवाला गुंडाळून घेऊन गेला. डबडं तेवढं आईनं टाकू दिलं नव्हतं.

"आई, काय बघत बसतेस त्या फोनकडे?"

"मंगळवारपासून त्याचा फोन नाही."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? दादाचा. रोज विचारतो, जेवलीस का. तो विचारतो म्हणून तर चार घास जातात."

दादा ऑफिसातून दुपारी आईला फोन करायचा, हे खरं होतं. मी त्याला त्यावरून ‘आईचं बाळ’ म्हणून चिडवायचे. दुःखानं माणसाला भास होतात, तेही मला कळत होतं. पण मी जॉब मंगळवारीच बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी मी घरून काम करते म्हणून कळवलं. जेवायच्या वेळी लॅपटॉप उघडला आणि जॉब परत चालू केला. ठिपका पिवळा झाला.

फोन वाजला नाही. मला तरी ऐकू आला नाही. आई मात्र लगबगीनं सरसावली, हातानं केस सारखे केले आणि रिसीव्हर उचलला.

"कुठे होतास रे?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मग रडता रडता हसली. "हो, हो, बसतेच आता. ती? इथेच आहे. देऊ?"

तिनं रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी कानाला लावला. मेलेल्या फोनमध्ये काय असणार? "दादा?" मी म्हटलं. थांबले. काहीच नाही.

आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रिसीव्हर हळूच काढून घेतला. "तुझ्याशी नंतर बोलेल म्हणतोय," ती म्हणाली. लहान मुलीची समजूत काढावी तसं. तिनं रिसीव्हर ठेवला आणि ठिपका हिरवा झाला. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

नंतर मी त्या जॉबला हात लावला नाही. तो लागतो, असं साहेबांना सांगितलं. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही. दुपारी ठिपका पिवळा झाला की मी माझा डबा उघडायचे. आईचा हेवा वाटायचा. पण ती जेवतेय, ती आहे, एवढं मला पुरत होतं.

आई गेली ती दुपारीच. शेजारच्या काकूंनी फोन केला. मी पोचले तेव्हा ती खुर्चीत होती, मान कलंडलेली, रिसीव्हर मांडीवर. ताट रिकामं होतं. मी रिसीव्हर जागेवर ठेवला.

सुट्टी संपवून ऑफिसात आले, तर ‘दुपार’पुढचा ठिपका पिवळा होता. आई गेली त्या दुपारी सुरू झालेला जॉब अजून संपला नव्हता.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "अडकलाय तो. मारून टाक."

"चालू द्या ना सर."

"किती दिवस?"

मी पर्स उचलली. ते निघून गेले.

मी तशीच उठून घरी आले. हॉलमध्ये ऊन आलं होतं. आईच्या खुर्चीत बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोघांपैकी एकानं तरी विचारावं, असं फार वाटलं.

मी रिसीव्हर उचलला.

या वेळी आत आवाज होता. तुटक, एकसारखा, लहानपणापासून ओळखीचा.

फोन एंगेज लागत होता.