शिकवलेला पाय

मुलं घरी गेली की ताईचं खरं काम सुरू व्हायचं. तिच्या वर्गात खेळण्यांनाच शिकवायचं असे. तुकडे एकमेकांत अडकवून प्राणी करायचा, सांध्यावरचं बटण दाबायचं आणि पाय हातानं हलवून दाखवायचा. पुन्हा बटण दाबलं की प्राणी तसाच्या तसा चालणार. निघण्याआधी शिकवलेलं पुसून सगळे सांधे कोरे करायचे, हा तिचा नेम. काल मात्र लेकीला, चिमणीला, दवाखान्यात न्यायच्या गडबडीत एक प्राणी तसाच शिकत राहिला.

झालं! सकाळी बटण दाबलं, तर तो डावा पाय फरफटत टेबलभर चालला. अगदी चिमणीसारखा. प्लास्टर निघालं तरी लेकीचा पाय सरळ पडत नव्हता, आणि त्या काळजीनं ताईला अन्न गोड लागत नव्हतं.

"स्वतःचीच नक्कल शिकवलीस होय गं याला?"

"मी नाही हात लावला," सोबत आलेली चिमणी म्हणाली. "खोलीला तर कुलूप होतं ना?"

खरंच की. किल्ली ताईच्या पर्समध्येच होती. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो फरफटणारा पाय तिला बघवेना. तिने सांधा कोरा केला आणि पाय बोटांत धरून नीट, सरळ टाकायला शिकवला.

प्राणी चालू लागला. ठक, ठक, ठक.

"आई, बघ!"

खिडकीशी चिमणी चालत होती. लंगडणं नावालाही नाही. ताईला रडूच फुटलं.

"शहाणं गं माझं बाळ!"

चिमणी दारापर्यंत गेली, वळली, परत आली. पुन्हा गेली. गाल लाल झाले, धाप लागली.

"पुरे आता. बस जरा."

"बसता येत नाहीये."

"काहीतरीच काय!"

"खरंच, आई."

ताईने टेबलाकडे पाहिलं. दोघांची पावलं एकदमच पडत होती.

तिने झडप घालून प्राण्याचा डावा पाय चिमटीत पकडला.

चिमणी थांबली. एक पाय हवेत.

"आई, पाय सोड ना. दुखतंय."

ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

ताईने चटका बसल्यासारखी बोटं काढली. प्राणी थोडा चालला, मग मंदावला. त्याच्या पाठीवर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता.

चिमणी भिंतीला टेकून खाली बसली.

"आई," ती जांभई देत म्हणाली, "मला खूप झोप येतेय."