शहजादची बॅटरी

बातमी आली तेव्हा सलाउद्दीन इंदिरानगरच्या आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चहात बिस्किट बुडवत होता. बिस्किट कपातच राहिलं. पिंपळगावला निघालेला त्याचा भागीदार शहजाद हायवेवरच गेला. मोटरसायकलला टेम्पोनं उडवलं.

"ऐकीव नाही हे, पोरांनो," कट्ट्यावर बसलेले बारकूआण्णा म्हणाले. "सलाउद्दीन माझा शेजारी. त्याच्याच तोंडून ऐकलंय."

शहजादचा हात भारी. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्येच तो बॅटरी बसवायचा, वेगळा यूपीएस नको. लाइट गेली तरी कॉम्प्युटर स्क्रीनसकट सात मिनिटं चालणार, तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करायचा. द्राक्षाच्या हंगामात माल पॅक करणारे पॅकहाउसवाले त्याची पाठ सोडत नसत.

तो जाऊन चार दिवस झाले होते. यंदाची शब-ए-बारातची रात्र. घरातले पुरुष कब्रस्तानात गेलेले. शहजादच्या बायकोनं, आबिदानं, सलाउद्दीनला बोलावून घेतलं. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत ती, म्हणून सासूजवळ पडद्याआड बसलेली.

"भाईजान, आमच्या इन्शाला हे रोज रात्री सांगायचे त्या गोष्टी या कॉम्प्युटरात भरून ठेवल्यात. पोरीला तेवढाच आवाज उरलाय बापाचा. काढून द्या."

शहजाद गेला त्या सकाळपासून कॉम्प्युटर चालूच होता.

"बंद केला नाहीत, बरं केलंत भाभी. डिस्कला कुलूप आहे. एकदा बंद पडला की पासवर्डशिवाय उघडायचा नाही, आणि पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक."

नशीब, तेव्हापासून लाइट गेली नव्हती. सलाउद्दीननं बरोबर आणलेली हार्ड डिस्क जोडली. कॉपी सुरू झाली. संथ.

पाव भाग झाला आणि लाइट गेली.

गल्ली काळीठिक्कर. स्क्रीन तेवढी उजळ.

"सात मिनिटं आहेत, भाभी," तो म्हणाला. पुरणार नाहीत, हे त्याला कळत होतं.

"इन्व्हर्टर असेल, आण्णा," एक पोरगा पुटपुटला.

"असता तर घरातले दिवे नसते लागले, शहाण्या? ऐक."

सात मिनिटं सरली. पट्टी सरकत होती.

 

फक्त कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा. घुं... घुं...

अर्धं झालं.

अजून थोडं...

अजून...

झालं.

सलाउद्दीननं हार्ड डिस्क पडद्याखालून सरकवली. "काय बॅटरी बनवली होती यानं," म्हणत कौतुकानं डब्यामागे हात घातला. बॅटरीच्या कप्प्याचं झाकण बोटानं सरकायचं. सरकलं.

आत बोटं नुसतीच फिरली.

त्यानं मोबाइलचा उजेड पाडला. दोन वायरी. टोकं मोकळी.

"भाभी... बॅटरी कुठाय?"

मग पडद्यामागून अगदी हळू,

"पॅकहाउसला एक कमी पडत होती. पिंपळगावला जाताना हीच काढून नेली यांनी. पोलिसांनी पिशवी परत दिली ना... तिच्यात आहे. इथं, माझ्याजवळ."

गल्लीत अंधार तसाच.

घुं... घुं...

आण्णा कट्ट्यावरून उठले.

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय. इन्शा गोष्टी ऐकून झोपते. लाइट त्यानंतरही कितीदा गेली." आण्णांनी चपला पायात सरकवल्या. "तो कॉम्प्युटर अजून कुणी बंद केलेला नाही."